हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

१७९४ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक पुस्तिका छापून आली. तिच्यात मधेच एक जमाखर्च मांडलेला आहे. जमा : प्रेतं आणि रोग्यांची अंथरुणं पुरल्याबद्दल मिळालेले २३३ पौंड, १० शिलिंग, ४ पेन्स. खर्च : ज्यांचे पैसे कोणी दिलेच नाहीत अशा शवपेट्यांचे ३३ पौंड आणि पाच मजुरांच्या मजुरीचे ३७८ पौंड. वजाबाकी केली की १७७ पौंड, ९ शिलिंग, ८ पेन्सांची खोट उरते. ही खोट पुस्तिका लिहिणाऱ्यांनी पदरमोड करून भरली होती.

लिहिणारे दोघे : ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन. दोघंही गुलामीत जन्मलेले, पुढे मोकळे झालेले. मुलांना आईचा दर्जा मिळतो हे ओळखून जोन्स यांनी स्वतःच्या आधी पत्नीची सुटका विकत घेतली होती. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसं दगावली. ज्यांना पळता आलं ते पळाले. काळ्या माणसांना हा ताप बाधत नाही, अशी समजूत तेव्हा डॉक्टर मंडळींतही होती, म्हणून शुश्रूषेला आणि प्रेतं उचलायला त्यांना साद घातली गेली. ते पुढे आले आणि इतरांसारखेच मेलेही. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने एक पुस्तक काढलं. त्यात काही काळ्या शुश्रूषकांनी अडलेल्यांकडून अवाच्या सवा पैसे उकळले, चोऱ्या केल्या, असा ठपका होता. जोन्स आणि ॲलन यांची पुस्तिका हे त्याचं उत्तर. तिच्यात सारा बास नावाच्या एका गरीब काळ्या विधवेचा उल्लेख येतो. ती घरोघरी जाऊन रोग्यांचं करी आणि स्वतःहून काही मागत नसे. कोणी देऊ केलंच, तर किती द्यायचं ते देणाऱ्यावर सोपवी.

जिवावर उदार होऊन राबलेल्या माणसांना पै-पैचा हिशेब छापून द्यावा लागला आणि पळून गेलेल्यांना कोणी काही विचारलं नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपर्यंत पैशांची थेट मदत कशी पोहोचत गेली, याचा माग काढताना हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. मदत किती दिली, कोणी दिली, हे महत्त्वाचं आहेच. पण या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, असं मला वाटतं : हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

साथीच्या सहा वर्षं आधी, १७८७ मध्ये, याच दोघांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली होती. सभासदाने महिन्याला एक शिलिंग द्यायचा. वर्ष उलटलं की अडीअडचणीत सापडलेल्या सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळायचे. सभासद गेला तर त्याच्या विधवेला वर्गणी न भरता लाभ चालू राहायचा आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची काळजी सोसायटी घ्यायची. एक अट मात्र होती : ओढवलेली अडचण स्वतःच्या बेफिकिरीतून आलेली नसावी. ही अट लक्षात ठेवायला हवी. मदतीला पात्र कोण आणि अपात्र कोण, ही चाळणी बाहेरून लादली गेली हे खरं. पण सुरुवातीच्या संस्थांनी ती स्वतःलाही लावून घेतली होती. सतत संशयाच्या नजरेखाली जगणाऱ्यांना आपलं चारित्र्य दाखवत राहावंच लागतं.

बायकांनी आपल्या वेगळ्या संस्था लवकरच काढल्या. १७९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेंट थॉमस चर्चशी जोडलेली स्त्रियांची संस्था उभी राहिली. १८२१ मध्ये ‘डॉटर्स ऑफ आफ्रिका’ आली. तिच्या सुमारे दोनशे सभासद धुणं-भांडी, मोलमजुरी करणाऱ्या, हातावर पोट असलेल्या बायका होत्या. कोणाच्या आजारपणाला किती दिले, कोणाच्या मयतीला किती दिले, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि त्या आजही शाबूत आहेत. बॉस्टनमध्ये १८३१ साली निघालेल्या आफ्रिक-अमेरिकन स्त्रियांच्या संस्थेचा नियम असा : वर्षभर वर्गणी चुकवली नसेल आणि सभासद अंथरुणाला खिळली, तर फंडाला झेपेल तोवर तिला आठवड्याला एक डॉलर. १८३० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या फिलाडेल्फियात अशा शंभरावर संस्था होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या होत्या.

या संस्थांचं काम समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. भिशी चालवणाऱ्या बायका जशा कागदापेक्षा ओळखीवर विसंबतात, तशाच याही विसंबत. पैसे बुडवणारी कोण, खरी नडलेली कोण, हे गल्लीला ठाऊक असे. पश्चिम आफ्रिकेत योरुबा लोकांत ‘इसुसु’ नावाची फिरत्या बचतीची रीत होती. ती गुलामांबरोबर कॅरिबियन बेटांवर गेली आणि तिथून स्थलांतरितांबरोबर न्यूयॉर्कला आली. त्रिनिदादच्या बायका तिला आजही ‘सुसु’ म्हणतात.

गुलामी असेपर्यंत पैशांचा एक मोठा खर्च असे : माणूस सोडवण्याचा. वॉशिंग्टनमध्ये अलीथिया टॅनर नावाची बाई राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरच्या चौकात भाजी विकत असे. वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशांतून तिने १८१० मध्ये आधी स्वतःला सोडवलं आणि मग पुढच्या काळात एकेक करत नातलगांना : बहीण, भाचरं, त्यांची मुलं. माणूस सोडवण्याचा हा खर्च पुढेही सुटला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी मातृदिनाच्या निमित्ताने वर्गणी काढली आणि जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे, गुन्हा शाबित होण्याआधीच तुरुंगात अडकलेल्या कृष्णवर्णीय आयांना बाहेर काढलं. पूर्वजांनी एकमेकांची सुटका विकत घेतली होती, त्याच वाटेने आम्ही चाललो आहोत, असं या मोहिमेतल्या बायकांनी उघडपणे सांगितलं.

गुलामी संपली ती १८६५ मध्ये. त्याच वर्षी मोकळ्या झालेल्यांसाठी संसदेच्या सनदेने ‘फ्रीडमन्स बँक’ निघाली. सैनिकांनी पगार ठेवला, धुणाऱ्या बायकांनी चिल्लर ठेवली. सरकारचं नाव असल्यामुळे पैसे सुरक्षित आहेत अशी सगळ्यांची खात्री होती. बँकेच्या गोऱ्या संचालकांनी ते पैसे सट्टेबाजीच्या कर्जांत घातले. इकडे १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना आदरपूर्वक अर्पण केलं. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदी कोसळली आणि १८७४ च्या उन्हाळ्यात ही बँक बुडाली. एकसष्ट हजारांहून अधिक खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. पुष्कळांना पुढे काही अंश मिळाला, कित्येकांना काहीच नाही. या पैशांचा हिशेब मागायला खातेदारांना दारच उरलं नाही.

मोठ्या इमारतींवरचा विश्वास उडाल्यावर बायका पुन्हा आपल्या मंडळांकडे वळल्या. ही मंडळं केवळ मयतीचे फंड नव्हती, हे १८८१ च्या जुलैमध्ये अटलांटात दिसलं. वीसेक धुणाऱ्या बायकांनी एक सभा भरवली आणि धुण्याचा दर ठरवला : बारा पौंडांना एक डॉलर. घरोघरी फिरून त्यांनी बाकीच्यांना गोळा केलं. तीन आठवड्यांत संख्या तीन हजारांवर गेली. काहींना अटक झाली, दंड झाला. शहराच्या कौन्सिलने प्रत्येक धुणाऱ्या बाईवर वर्षाला पंचवीस डॉलरचा परवाना बसवायचा घाट घातला. बायकांनी महापौरांना कळवलं की आम्ही परवान्याचे पंचवीसच काय, पन्नासही भरू. पण मग शहरातलं धुणं आमच्याच ताब्यात राहील. कौन्सिलने तो बेत सोडून दिला. आठवड्याचं पोट आठवड्याच्या कमाईवर असलेल्या बायका इतके दिवस कामाविना टिकल्या, कारण अडीनडीला हात देणारी मंडळं त्यांनी आधीच उभी केली होती.

मॅगी लीना वॉकर यांची आईही अशीच धुणं धुणारी. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात वॉकर लहानपणी धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या पोचवत. आजारपण आणि अंत्यविधीसाठी मदत करणारी ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ ही संस्था मुळात बाल्टिमोरच्या मेरी प्राउट या कृष्णवर्णीय शिक्षिकेची. १८९९ मध्ये वॉकर या संस्थेच्या सचिव झाल्या, तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते. १९०३ मध्ये त्यांनी ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ काढली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून अध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पहिल्या दिवशी काही जणांनी डॉलरसुद्धा नाही, काही सेंट आणून भरले, आणि तेही नीट पुस्तकात चढवले गेले. १९२० च्या दशकात संस्थेच्या सभासदांची संख्या लाखाच्या घरात गेली. बँकेच्या कर्जातून शेकडो कुटुंबांनी स्वतःची घरं घेतली.

या साऱ्या धडपडीची दखल डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी घेतली. (१९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून संपर्क साधला ते हेच डू बॉइस.) कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सहकार्यावरचा त्यांचा अभ्यास १९०७ मध्ये अटलांटा विद्यापीठाने प्रसिद्ध केला. परस्परमदत ही या समाजाच्या अर्थव्यवहाराची कोनशिला आहे, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिलं.

त्याच काळात टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये आणखी एक धुणारी बाई वेगळाच हिशेब मांडत होती. कॅली हाउस गुलामीत जन्मल्या होत्या, विधवा होत्या आणि मुलांना धुण्यावर वाढवत होत्या. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पूर्वाश्रमीच्या गुलामांची देशव्यापी संघटना बांधली. स्थानिक शाखांचं काम नेहमीचं होतं : महिना दहा सेंट वर्गणी, आजाऱ्याला मदत, मेलेल्याला मूठमाती. देशपातळीवरची मागणी मात्र नवी होती. यादवी युद्धातल्या सैनिकांना निवृत्तिवेतन मिळतं, तर आयुष्यभर बिनपगारी राबलेल्यांना का नाही? संघटना ज्या विधेयकाच्या मागे उभी होती त्यात सत्तरी ओलांडलेल्यांना पाचशे डॉलर आणि पुढे महिना पंधरा डॉलर असा हिशेब होता. ही याचना नव्हती. थकलेल्या मजुरीची ही वसुली होती.

सरकारला हे खुपलं. १८९९ मध्ये टपाल खात्याने संघटनेची पत्रं अडवण्याचा आदेश काढला. सरकार जे कधी देणार नाही त्याची आशा दाखवून ही बाई गरिबांना फसवते, असं त्याचं म्हणणं. हाउस मागे हटल्या नाहीत. १९१५ मध्ये संघटनेच्या वतीने थेट अर्थखात्यावर दावा गुदरला गेला. गुलामांनी पिकवलेल्या कापसावर सरकारने जो कर गोळा केला, ते ६ कोटी ८० लाख डॉलर आमचे आहेत, असा तो दावा. न्यायालयाने कापसाचा हिशेब तपासलाच नाही. सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही, एवढंच सांगून प्रकरण निकालात काढलं. १९१७ मध्ये मात्र हाउस यांच्यावरच टपालातून फसवणूक केल्याचा खटला चालला आणि त्यांना एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा धुणं-शिवण सुरू केलं. १९२८ मध्ये त्या गेल्या. ज्या बाईने देशाकडे हिशेब मागितला, तिलाच देशाने दहा-दहा सेंटांच्या वर्गणीचा हिशेब विचारत तुरुंगात धाडलं.

१९३५ मध्ये सरकारी सामाजिक सुरक्षेचा कायदा आला, पण म्हातारपणाच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कमावत्या कृष्णवर्णीय बायकांपैकी बहुतेक जणी याच दोन कामांत होत्या. निराधार मुलांसाठीची मदत राज्यांच्या हातात गेली आणि दक्षिणेत तिला चौकशीचा ससेमिरा जडला. बाईच्या घरात पुरुष राहतो का हे पाहायला अधिकारी अपरात्री दार ठोठावू लागले. लुइझियानाने १९४३ मध्ये, शेतात काम उपलब्ध असताना आयांना मदत नाकारायचा नियम केला. त्याच राज्याने १९६० मध्ये ‘घर योग्य नाही’ या सबबीखाली सुमारे तेवीस हजार मुलांची मदत तोडली. त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. सरकारने हात काढून घेतला तेव्हा त्यांच्या ताटात अन्न पडलं ते शेजारपाजारच्या आणि चर्चच्या मदतीतून.

तोवर बायका मदत गुपचूप चालवायलाही शिकल्या होत्या. १९५५-५६ मध्ये माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्याच्या खर्चासाठी जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईंनी शेजारणींना जमवलं. कोणी कोंबडीचे सँडविच केले, कोणी केक आणि ‘पाय’सारखे गोड पदार्थ, आणि ते ब्यूटी पार्लरमध्ये, टॅक्सीच्या अड्ड्यांवर विकले. पुष्कळजणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या; नाव फुटलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचं नाव ठेवलं ‘कुठूनच नाही’. पैसे कुठून आले असं विचारलं तर खरंच उत्तर देता यावं! दर आठवड्याच्या सभेत गिल्मोर उठून जमलेली रक्कम जाहीर करत आणि सभा उभी राहून टाळ्या वाजवे. खुद्द गिल्मोर यांची नोकरी गेलीच. मग त्यांनी आपल्याच घरात खाणावळ चालवली. इथे हिशेब होता, चोख होता, पण तो आपल्याच माणसांपुढे मांडलेला होता.

हे सगळं पुढे नेलं जॉनी टिलमन यांनी. आर्कान्सामधल्या कुळाची मुलगी, लॉस एंजेलिसमध्ये कपड्यांना इस्त्री करणारी कामगार, सहा मुलांची आई. आजारपणामुळे सरकारी मदतीवर आल्यावर फ्रीजमध्ये काय आहे इथपासून सगळ्याची झडती कशी होते, ते त्यांनी अनुभवलं. १९६३ मध्ये त्यांनी वस्तीतल्या अशाच आयांची संघटना काढली. पुढे ती देशव्यापी वेल्फेअर (सरकारी मदत) हक्क संघटनेत सामील झाली. फेब्रुवारी १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग गरिबांच्या मोर्च्याला पाठिंबा मागायला शिकागोत या बायकांना भेटले. बायकांनी त्यांना नव्या वेल्फेअर कायद्याबद्दल एकेक प्रश्न विचारले. किंग यांना उत्तरं देता येईनात. माहीत नसेल तर तसं सांगा, असं टिलमन यांनी त्यांना तोंडावर सुनावलं. किंग यांनी ते मान्य केलं आणि ऐकून घेतलं. या संघटनेची मागणी साधी होती : बाई योग्य आहे का हे न तपासता प्रत्येकाला पुरेसं किमान उत्पन्न. फ्री आफ्रिकन सोसायटीच्या १७८७ च्या नियमातली चाळणी काढून टाका, असाच या मागणीचा अर्थ होता. पैशांअभावी १९७५ मध्ये संघटना बंद पडली आणि १९९६ च्या कायद्याने मदतीला मुदत आणि कामाची सक्ती दोन्ही जोडली.

पण मागणी जगली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात सरकारी अनुदानाच्या घरांतल्या रहिवाशांसाठी आयेशा न्यांडोरो काम करतात. त्यांच्या आजी एल. सी. डोर्सी यांनी साठच्या दशकात मिसिसिपीच्या डेल्टात भुकेल्या कुटुंबांची सहकारी शेती चालवली होती. काय हवं असं विचारल्यावर न्यांडोरो यांना आयांनी सांगितलं : रोख पैसे. डिसेंबर २०१८ पासून वीस कृष्णवर्णीय आयांना वर्षभर महिना हजार डॉलर मिळू लागले. कामाची सक्ती नाही, पावत्या नाहीत, घराची झडती नाही. थकलेली देणी फिटली, मुलांना कपडे आले. त्याच राज्यात तिघांच्या कुटुंबाला सरकारी मदत तेव्हा महिना १७० डॉलर होती आणि ती मिळवायलाही उंबरठे झिजवावे लागत. दोन वर्षांनी लेखापरीक्षकांनी उघड केलं की गरीब कुटुंबांसाठीच्या याच निधीतले कोट्यवधी डॉलर भलतीकडे वळवले होते; त्यातून एका विद्यापीठात व्हॉलीबॉलचं स्टेडियमही उभं राहिलं. आईकडे दुधाची पावती मागणाऱ्या यंत्रणेला हे दिसलं नाही. २०२२ मध्ये जॉर्जियात ‘इन हर हँड्स’ या उपक्रमाने साडेसहाशे स्त्रियांना दोन वर्षं दरमहा सरासरी ८५० डॉलर द्यायला सुरुवात केली. तो सुरू झाला अटलांटातल्या किंग यांच्याच जुन्या वस्तीत.

आणि कायदाही पुन्हा दारात आला. अटलांटातलाच ‘फिअरलेस फंड’ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान व्यवसायांना वीस हजार डॉलरचं अनुदान देत असे. २०२३ मध्ये त्यावर वर्णभेदाचा दावा झाला, तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली. गोऱ्यांना करार करण्याचा जो हक्क आहे तोच सर्वांना मिळावा, असं सांगणारा हा कायदा गुलामीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी झाला होता. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी अनुदान रोखलं. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि ते बंद झालं. सरकारी मदतीच्या दारात वंशाधारित चाळणी दशकानुदशकं चालली. बायकांनी आपल्यासारख्यांसाठी छोटीशी खिडकी उघडली, तेव्हा मात्र ती कायद्याने बंद झाली.

जॅक्सनमधल्या उपक्रमातलं नवेपण रोख रकमेत नाही. रोख रक्कम तर या बायका दोन शतकं एकमेकींना देत आल्या आहेत. नवं आहे ते हे की घेणारीला आपली लायकी सिद्ध करावी लागत नाही. तरीही ती मदत देणगीदारांच्या पैशांवर चालते आणि वर्षाने थांबते. २०२२ मध्ये अमेरिकेत गोऱ्या कुटुंबांची मध्यक मत्ता २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९०० डॉलर. ही दरी वर्गणीने बुजणारी नाही. ती बिनपगारी श्रमाने, बुडालेल्या बँकेने आणि वगळणाऱ्या कायद्यांनी पडली आहे. ज्यांनी ती पाडली, ती बुजवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. कमी पैशांत एकमेकींना जगवणाऱ्या या बायकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्या कौतुकाच्या आडून देणेकऱ्याला सुटू देता कामा नये. कॅली हाउस यांनी मांडलेला हिशेब अजून कोणी खोटा ठरवलेला नाही, आणि तो अजून चुकताही झालेला नाही.